मिसळीच्या हॉटेलची रील: ब्लॉगरला पैसे द्यावेत की स्वतःच करावी?

मिसळवाला_राजारामपुरी
नमस्कार मंडळी, कोल्हापुरात वडिलांचं मिसळीचं हॉटेल आहे, सकाळी उभं राहायला जागा नसते पण अकरानंतर टेबलं रिकामी. एक फूड ब्लॉगर एका रीलचे पंधरा हजार म्हणतोय, वर चौघांचं खाणं. फॉलोअर्स भरपूर आहेत त्याचे. द्यावेत का?

रंकाळा_कट्टा
आधी त्याच्याकडून इनसाइट्सचा स्क्रीनशॉट माग, बघणारे कुठल्या शहरातले ते त्यात दिसतं. निम्मे पुण्या-मुंबईचे असले तर दुपारी तुझ्याकडं कोण येणार? आणि पैसे घेऊन केलेल्या रीलवर जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं, एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे 2021 पासूनचे नियम आहेत. तो नको म्हणाला तर नाद सोड.

सांगलीची_सुगरण
दादा, स्वतःच करा, मी बहिणीच्या खानावळीचं पेज बघते म्हणून सांगते. कट उकळताना वर लाल तर्री येते ना, ती डावानं बाजूला करून फरसाणावर ओततात तिथूनच रील सुरू करा, नाव, बोर्ड, नमस्कार सगळं नंतर, लोक दोन सेकंदात अंगठा सरकवतात. मोबाईल उभा धरा, ट्यूबलाइटखाली रस्सा फिका दिसतो म्हणून ताट दाराजवळच्या उजेडात आणा, आणि वाफ लेन्सवर बसते ती पुसत राहा. बिझनेस अकाउंटला सिनेमाची गाणी बहुतेक मिळत नाहीत, पण फोडणीचा चर्रर्र आवाज असताना गाणं हवंय कशाला? लोकेशन टाकाच, आणि गूगल मॅपवर वेळ बरोबर आहे का बघा, रील बघून आलेला माणूस बंद शटर बघून गेला की परत येत नाही.

जुना_गिऱ्हाईक
एकदम व्हायरल व्हायच्या मागं लागू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये दिल्लीचा बाबा का ढाबा एका व्हिडिओनं देशभर गाजला, रांगा लागल्या, त्यावर मोठं रेस्टॉरंट काढलं, ते काही महिन्यांत बंद पडून पुन्हा जुन्या ढाब्यावर यावं लागलं. तुम्हाला गिऱ्हाईक दुपारी पाहिजे, मग दुपारी काय मिळतं ते दाखवा की! सकाळचीच मिसळ दाखवली तर गर्दी सकाळीच वाढणार.

मिसळवाला_राजारामपुरी
हे डोक्यातच आलं नव्हतं. दुपारी आई कटवडा करते, बोर्डावर पण लिहिलेला नाही. उद्या तोच शूट करतो, ब्लॉगरला नको म्हणून कळवलं. सुगरणताई, कढई वरून घ्यावी की बाजूनं?

सांगलीची_सुगरण
बाजूनं, आणि तेलापासून लांब धरा मोबाईल. वडा फोडून त्यावर कट ओतताना मात्र अगदी जवळून घ्या.