डियरफील्डची जमीन 'विकत' घेतली ती कशी
वर कुणीतरी लिहिलंय की प्युरिटन लोकांनी, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या कडव्या प्रोटेस्टंटांनी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या डियरफील्डची जमीन रीतसर खरेदीखतं करून घेतली, मग बळकावली कशाला म्हणायचं. खतं झाली हे खरंय, पण त्याआधीची गंमत बघा ना. बोस्टनजवळच्या डेडहॅम या प्युरिटन गावाच्या हद्दीतली जमीन जॉन एलियट या मिशनऱ्याच्या नेटिकला गेली, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मूलनिवासींच्या गावाला, त्यावरून डेडहॅमवाले कितीतरी वर्षं भांडत बसले आणि शेवटी १६६३ मध्ये कॉलनीच्या जनरल कोर्टाने भरपाई म्हणून त्यांना दुसरीकडे ८००० एकर देऊन टाकले, ते निघाले पार पश्चिमेला पोकमटक या मूलनिवासी लोकांच्या मुलखात, तेच पुढचं डियरफील्ड! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय.

खरेदी झाली ती त्यानंतर, जॉन पिंचन या इंग्रज व्यापाऱ्यामार्फत, आणि १६६४ मध्ये मोहॉक या दुसऱ्या मूलनिवासी जमातीच्या हल्ल्याने पोकमटक पार मोडून पडलेले, अशा वेळी कोण कसला भाव करणार? तरी चॉक नावाच्या पोकमटक माणसाने १६६७ च्या खतात मासेमारी, शिकार आणि अक्रोड-चेस्टनट वेचायचा हक्क राखून ठेवलाय. माझ्या मते तरी तो जमीन सोडून जातच नव्हता, शेजारी राहू देत होता.