रोज चादर नको, पण वरचा बेड कोण उचलणार?
क्रूझवर केबिनची रोजची सफाई नकोच म्हणून सांगावं, टिपही वाचेल, "घरी कोण रोज चादर बदलतंय, मग क्रूझवर कशाला" असं काहीजण म्हणतात, ते चादरीपुरतं पटतंय, पण हा हिशोब दोघंच जाणाऱ्यांचा झाला. आम्ही बेळगावहून मुंबई गाठून लक्षद्वीपची क्रूझ केली, आम्ही दोघं नि दोन पोरं, एकाच बिनखिडकीच्या केबिनमध्ये. तिथं तिसरा-चौथा बेड भिंतीतनं खाली येतोय, शिडी लावून चढायचं, पोरं खूष, पण तो खाली असला की बॅग उघडायला सुद्धा जागा उरत नाही बघा. आपणच ढकलून वर करावा म्हटलं तर त्याला लॉक, चावी स्टुअर्डकडे, म्हणजे केबिन साफ करणाऱ्या माणसाकडे. सकाळी तो वर करून जायचा, रात्री आम्ही जेवून येईतोवर परत खाली. त्यात ओले टॉवेल, आपल्याकडं जुलैत धुणं वाळत नाही तशी गत. कोविडनंतर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी दोन वेळची सफाई एक वेळेवर आणलीय, म्हणजे बेड वर-खाली करायला दिवसातनं दोनदा कोणी येईलच असं नाही, तेव्हा चौघं एका केबिनमध्ये असाल तर बेडचं काय ते बुकिंगलाच विचारून घ्या.

आणि सफाई नको सांगितलं की टिप वाचेल म्हणतात, तसं नसतंय की ओ. परदेशी क्रूझवर बहुतेक ठिकाणी माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर बिलात आपोआप लागतात, त्यात डायनिंगवाल्यांचाही वाटा असतोय, दारावर 'डू नॉट डिस्टर्ब' लावून बसलात म्हणून कमी होत नाहीत.