'लेव्हायथन'ला मराठीत काय म्हणावं?

मुळामुठा
एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. विषय: 'सबनॉटिका' या पाण्याखालच्या व्हिडिओ गेममागे कुठल्या विज्ञानकथा दिसतात. मी खेळत नाही, मुलगा खेळतो, मी मागे खुर्ची टाकून बघते. अंतराळयान परक्या ग्रहावर कोसळतं, जिकडे तिकडे समुद्र. मग मासे धरून, भंगार गोळा करून जीव जगवायचा. गेम २०१८ साली पूर्ण स्वरूपात आला. लेख होत आलाय, एका शब्दापाशी गाडी अडलीय. एका भागात शिरलं की हातातलं यंत्र थंड आवाजात सांगतं की इथे 'लेव्हायथन' वर्गातले बरेच जीव आहेत, हे करायलाच हवंय का? मी लिहिलं 'महाकाय जलचर'. मुलगा वाचून म्हणाला, "आई, हा पाणघोडा वाटतोय." सुचवा काहीतरी.

शनिवारपेठ
तिमिंगिल. संपला विषय.

खमंग
शनिवारपेठ, तुमचा विषय दुपारी एक ते चार बंद असतो तसाच संपतो. तिमिंगिल म्हणजे काय ते निदान सांगा तरी.

शनिवारपेठ
तिमि म्हणजे प्रचंड मासा. त्याला गिळतो तो तिमिंगिल. तिमि शब्द कालिदासाकडेही आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम विमानातून सीतेला समुद्र दाखवतो. तिमि आ वासून नदीमुखातलं पाणी प्राण्यांसकट तोंडात घेतात, तोंड मिटतात आणि डोक्यावरच्या भोकांतून पाण्याचे फवारे उडवतात, असं तिथलं वर्णन आहे. हा देवमासा नाही तर काय? आमच्या आजोबांना हा श्लोक पाठ होता. पेशवे पार्कातल्या तळ्याच्या काठी उभं राहून म्हणायचे. तळ्यात बदकं असायची, ते सोडा.
आणि एवढ्यावर भागत नाही. तिमिंगिलाला गिळणारा तिमिंगिलगिल. त्यालाही गिळणारा राघव, असं सुभाषित आहे. तुमच्या गेममध्ये लहानमोठे लेव्हायथन असतील तर सगळ्यांची सोय झाली.

मुळामुठा
हो, आहेत! रीपर साधारण पन्नासेक मीटर, घोस्ट त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे घोस्टला तिमिंगिलगिल?

अर्धविराम
मराठीत 'गिळणे' आहे, 'गिलणे' नाही. तेव्हा 'तिमिंगिळ' लिहा. ळ आपला आहे, वापरायला लाजू नये.

शनिवारपेठ
तत्सम शब्दाला असा हात लावायचा नसतो. उद्या 'कमल'चं 'कमळ' कराल.

अर्धविराम
केलंय की. कधीच.

नाखवा
आम्ही रत्नागिरीकडचे. देवमासा म्हणा आणि मोकळे व्हा. गावात कुणालाही कळेल. 'देव' म्हणजे मोठा, म्हणून देवमासा.

खमंग
देवचाफा मोठा असतो? देवबाभूळ?

नाखवा
माझ्या आजीने सांगितलंय. ती चाफेवाली नव्हती.

मुळामुठा
देवमासा मनात होता. पण तो शब्द ऐकला की मऊ, भला प्राणी डोळ्यांसमोर येतो. इथे काय होतं सांगते. परवा रात्री मुलगा सीमॉथ घेऊन गढूळ पाण्यात चालला होता. एका माणसाची काचेची पाणबुडी, समोर दिव्याचा झोत, झोतात नुसता गाळ. लांबून एक आरोळी आली. याने दिवा बंद केला. दहा सेकंद काहीच नाही. मग बाजूनेच ते तोंड आलं, चार लाल आकड्यांचं, आणि सीमॉथ त्यात धरून कुत्रा चिंधी हलवतो तशी हलवली. मुलगा "आई, बोलू नको" म्हणाला. मी बोलत नव्हतेच.
आणखी एक. या गेममध्ये जीव घेणारी बंदूक नाही. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत एका शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंड यांनी ती मुद्दाम ठेवली नाही. म्हणून 'राक्षस', 'दैत्य' नको. ते वधासाठी असतात. हे जनावर आहे, आपणच त्याच्या घरात शिरलोय.

अर्धविराम
मग 'लेव्हायथन'च ठेवा. मूळ हिब्रू शब्दात वेटोळ्याचा अर्थ आहे, बायबलातला समुद्रप्राणी. तिमिंगिलात गिळणं आहे, वेटोळं कुठाय? आपण टेबल, पेन घेतले तसा हाही घेऊ.

शनिवारपेठ
टेबलाला आपल्याकडे शब्द नव्हता. इथे चार-चार आहेत. नारळीकरांनी विज्ञानकथांची शीर्षकं 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला' अशी दिली तेव्हा त्यांना परके शब्द येत नव्हते असं म्हणायचंय का?

खमंग
मूळ प्रश्न राहू द्या, लेखात विज्ञानकथा कुठल्या? ज्यूल व्हर्नची 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' ही कादंबरी आणि तिच्यातली नॉटिलस पाणबुडी असणारच. आमचे सर सांगायचे की पाणबुडी वीस हजार लीग खोल गेली.

अर्धविराम
सरांनी गणित कुणाकडून तपासून घ्यायला हवं होतं. फ्रेंच लीग चार किलोमीटर धरा, ८०,००० किलोमीटर झाले. पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजारांच्या आसपास. ते खोलीचं माप नाही, पाण्याखालून कापलेलं अंतर आहे. पृथ्वीला दोन फेऱ्या.

शनिवारपेठ
म्हणून 'लीग' न म्हणता 'कोस' म्हणावं. कोस खाली जात नाही, हे पोरालाही कळतं.

मुळामुठा
माझ्या लेखातही नॉटिलस आहे, पण मला तो गेम व्हर्नच्या 'मिस्टीरियस आयलंड'च्या जास्त जवळचा वाटतो. १८७४-७५ ची कादंबरी. फुग्यातून कोसळलेली माणसं विटा भाजण्यापासून सुरुवात करून सगळं हाताने घडवतात, आणि कुणीतरी न दिसता त्यांना मदत करत असतो. शेवटी तो नॉटिलसचाच कॅप्टन निमो निघतो. गेममध्येही पाण्याखालून एक न दिसणारा जीव तुमच्याशी मनोमन बोलतो. नायकाचं आडनाव रॉबिन्सन आहे, म्हणजे क्रूसोलाही नमस्कार झाला. हे माझं अनुमान हं, कंपनीने मला फोन करून सांगितलेलं नाही.

खमंग
आणि निमो आपला! बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, १८५७ च्या बंडातला. कुणी सांगत का नाही हे?

अर्धविराम
निमो म्हणजे लॅटिनमध्ये 'कुणी नाही'. ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसनेही सायक्लॉप्स या एकडोळ्या राक्षसाला आपलं नाव 'कुणी नाही' असंच सांगितलं होतं. गेममधल्या मोठ्या पाणबुडीचं नाव?

मुळामुठा
सायक्लॉप्स!! अरे देवा. लेख पुन्हा उघडावा लागणार.

शनिवारपेठ
शिवाय 'नॉटिका' ग्रीक, पण तिच्यातला 'नाउस' आणि आपली 'नौ' एकाच मुळातल्या. गेमचं नाव 'अधोनौका' करता येईल.

नाखवा
करा. माझं नाव मात्र फारसीतून आलंय, नाव आणि खुदा, नाखुदा. ते आता शुद्ध करून देऊ नका.

खमंग
'पाणबुडी'चं बघा आधी. एवढ्याशा सीमॉथलाही पाणबुडी आणि नौदलाच्या अजस्र धुडालाही पाणबुडी?

नाखवा
आमच्याकडे बुडी मारून सामान काढणारा तो पाणबुड्या. त्याची बायको पाणबुडी असणार.

अर्धविराम
पाषाण तलावावर टिबुकली असते ना, तिलाही काही जण पाणडुबी म्हणतात. एवढासा पक्षी, डोळ्यांदेखत बुडतो आणि भलतीकडेच वर येतो. सीमॉथला हे नाव चपखल बसेल.

खमंग
टिबुकली आता पाषाणला दिसते? मी गेल्या रविवारी गेले होते, जलपर्णी सोडून काही दिसलं नाही.

अर्धविराम
सकाळी सातच्या आत जावं लागतं. बांधाच्या बाजूने.

मुळामुठा
संपादकांचा फोन आला होता. शब्दाबद्दल काही बोलले नाहीत, तीनशे शब्द कमी करा म्हणाले. तिमिंगिलगिल एकच शब्द धरतात ना?

शनिवारपेठ
समास आहे. एकच.