मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीनवर एचडब्ल्यूआरएनजी (हार्डवेअरचे यादृच्छिक आकडे देणारी) फाइल दिसते, पण वाचता येत नाही

मंडळी, लिनक्स कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) खोलात शिरलेलं कुणी आहे का इथे?

आमच्या सोसायटीत झाकलेल्या पार्किंगच्या जागा ३५ आणि अर्ज ६०, त्यामुळे दरवर्षी सोडत निघते. कार्यकारिणीचा हट्ट असा की आकडे "प्रोग्रामने बनवलेले" नकोत, हार्डवेअरमधून आलेले हवेत. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकाच्या चिपमध्ये यादृच्छिक आकडे देणारा भाग असतो, म्हणून त्यावर पायथनमध्ये लिहून दिलं. /डेव्ह/एचडब्ल्यूआरएनजी उघडायची, एक बाइट वाचायचा, ६० ने भागून बाकी घ्यायची. तो अर्ज आधीच निघाला असेल तर पुढचा बाइट.

आता तो रास्पबेरी पाय बंद पडला. तोच प्रोग्राम भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर टाकला (केव्हीएम या तंत्रावर चालणारं, आत डेबियन १२ लिनक्स). तिथे फाइल आहे, पण सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावूनही वाचायला गेलं की "नो सच डिव्हाइस". सिस-क्लास-मिस्कखालच्या एचडब्ल्यू-रँडम फोल्डरमध्ये आरएनजी-अव्हेलेबल (नोंदवलेल्या हार्डवेअरची यादी) रिकामी, पायवर तिथे "३एफ१०४०००.आरएनजी" दिसायचं. हार्डवेअरचे आकडे कर्नलला पुरवणारा आरएनजीडी प्रोग्राम सुरूच होत नाही. शिवाय एंट्रॉपी-अव्हेल (कर्नलकडे जमलेल्या यादृच्छिकतेचा आकडा) २५६ वर चिकटलाय. पायच्या जुन्या ४.१९ कर्नलवर तो हजारांत असायचा.

डिव्हाइस नाही तर फाइल कशी? २५६ म्हणजे एंट्रॉपी कमी पडतेय का? आणि हे काहीच जमत नसेल तर सरळ प्रोसेसरची यादृच्छिक आकडा देणारी आरडीरँड सूचना वापरू का?

टर्मिनलवेडा
फाइल बनवतो आरएनजी-कोअर हा मॉड्यूल. त्याच्यामागे ड्रायव्हर आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नोंदवलेलं एकही हार्डवेअर नसेल तर वाचताना हाच एरर येतो. पायवर त्याच्या चिपसाठीचा बीसीएम२८३५ ड्रायव्हर होता, लॅपटॉपवर बहुतेकदा टीपीएम-आरएनजी-० (सुरक्षा चिपमधला) सापडतो. तुमच्या मशीनला बाहेरून काही दिलेलंच नाही. होस्टवाल्यांना (मशीन भाड्याने देणाऱ्यांना) व्हर्टआयओ-आरएनजी, म्हणजे होस्टचे आकडे आत पुरवणारं आभासी हार्डवेअर, जोडायला सांगा, आकड्यांचा उगम (बॅकएंड) म्हणून होस्टची युरँडम फाइल चालेल. मग यादीत "व्हर्टआयओ_आरएनजी.०" येईल.

आरएनजीडी काढून टाका. व्हर्टआयओ जोडल्यावर पीएसमध्ये (चालू प्रक्रियांच्या यादीत) [एचडब्ल्यूआरएनजी] नावाचा कर्नलचा स्वतःचा थ्रेड दिसेल, तोच हार्डवेअरकडून घेऊन कर्नलच्या साठ्यात मिसळतो.

२५६ बद्दल निर्धास्त राहा. जुन्या कर्नलमध्ये साठा ४०९६ बिटांचा होता आणि वाचाल तसा आकडा घटायचा. २०२२ च्या ५.१७, ५.१८ मध्ये कर्नल विकासक जेसन डोनेनफेल्ड यांनी तो भाग जवळजवळ नव्याने लिहिला: ब्लेक२एस हॅश (बिट घुसळून ठराविक लांबीचा ठसा काढणारी रीत), साठा २५६ बिटांचा. म्हणजे तुमचा साठा काठोकाठ भरलेला आहे. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) "सीआरएनजी इनिट डन" (आकडे देणारा भाग तयार) ही ओळ असली की विषय संपला.

कडीकोयंडा
वरचं बरोबर, पण मुळात एचडब्ल्यूआरएनजी प्रोग्रामने थेट वाचायची गोष्टच नाही. ती कर्नलसाठी आहे. तुम्ही कर्नलकडून यादृच्छिक बाइट मागणारा गेटरँडम हा सिस्टिम कॉल वापरा, लिनक्स ३.१७ पासून आहे. पायथनचं सीक्रेट्स मॉड्यूल शेवटी तिथेच जातं.

आरडीरँड थेट तर नकोच. २०१९ मध्ये एएमडीचे रायझेन ३००० प्रोसेसर बाजारात आले तेव्हा सुरुवातीच्या बायोससह ही सूचना दर वेळी सगळे बिट १ असलेला आकडा देत होती, आणि वर "काम झालं" असा फ्लॅगही. लिनक्सच्या सेवा सुरू करणारं सिस्टिमडी त्यावर विसंबलेलं, त्यामुळे काही लिनक्स वितरणं बूटच होईनात. कर्नल आरडीरँड इतर स्रोतांत मिसळून घेतो ते अशासाठीच. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने तर २०१३ मध्येच ठरवलं की प्रोसेसरचे आकडे न मिसळता पुढे द्यायचे नाहीत.

आता खरी गोम. बाइटच्या शक्य किमती २५६ (० ते २५५). २४० पर्यंत ६० चे चार पूर्ण फेरे, उरल्या १६. म्हणजे पहिल्या १६ अर्जांना प्रत्येक बाइटमागे पाच संधी, बाकीच्यांना चार. सव्वापट! हार्डवेअर कितीही शुद्ध असो, ही भागाकाराची करामत आहे. २४० आणि त्यावरचे बाइट टाकून द्या, किंवा सीक्रेट्समधलं सिस्टिमरँडम घेऊन त्याचं शफल (पत्ते पिसल्यासारखा क्रम बदलणारं) चालवा, तिथे हे सांभाळलेलं आहे.

बिनतारी
तांत्रिक भाग झाला, पण हरलेल्या २५ जणांना डोनेनफेल्डशी काय कर्तव्य? त्यांचा प्रश्न एवढाच, की बटण तुम्ही एकदा दाबलंत की मनासारखी यादी येईपर्यंत दाबलंत. हार्डवेअरने हे सिद्ध होत नाही. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घालून सर्वांसमोर लहान मुलाकडून उचलून घेणं याबाबतीत सरस आहे (आणि फुकट).

संगणकच हवा असेल तर अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचा रँडमनेस बीकन (सर्वांसाठी यादृच्छिक आकडे जाहीर करणारी सेवा) बघा. दर मिनिटाला ५१२ बिट, डिजिटल सहीसकट. आधी अर्जांची यादी गोठवा, तिचा एसएचए-२५६ हॅश (यादीचा डिजिटल ठसा, एक बाइट बदलला तरी बदलतो) व्हॉट्सॅप ग्रुपवर टाका आणि जाहीर करा की रविवारी रात्री ८ चा आकडा बीज (ज्यावरून प्रोग्राम सोडत काढेल तो आकडा) म्हणून घेणार. प्रोग्रामही द्या. मग कुणीही घरी तीच सोडत पुन्हा काढून पाहील.

धागाकर्ता
होस्टवाल्यांनी व्हर्टआयओ जोडलं, एरर गेला. पण बिनतारी यांचा मार्ग चिटणीसांना इतका पटला की आता एचडब्ल्यूआरएनजी लागणारच नाही. नवीनच घोळ: एकाच यादीचा हॅश माझ्याकडे एक येतो, खजिनदारांच्या लॅपटॉपवर दुसरा. यादी डोळ्यांना अगदी तीच आहे.

कडीकोयंडा
यादीत कुणी गोऱ्हे, कुऱ्हाडे आहेत का? युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) "ऱ" दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता. दिसायला सारखे, बाइट वेगळे. विंडोजवर सेव्ह केली असेल तर ओळीच्या शेवटचं चिन्हही बदलतं. नावं काढा, फक्त अर्ज क्रमांक ठेवा, चढत्या क्रमाने, एका ओळीत स्वल्पविराम देऊन. आणि जाहीर करताना हॅशबरोबर ती ओळही ग्रुपवर टाका.