एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ला होल मारताना ड्रिल जळतंय, सात गेली आत्तापर्यंत

भोसरी_लेथ:
मंडळी जरा मदत करा. माझ्याकडे साडेचार फुटी जुना लेथ आहे, आजवर सगळं एमएस (साधं माइल्ड स्टील) नाहीतर ईएन८ स्टीलचं काम केलं, आता पहिल्यांदाच ३०४ ची ऑर्डर घेतली आणि पस्तावलोय. २५ एमएमचा बार, ४० एमएम लांबीचे बुश (पोकळ तुकडे), मधून १० एमएम आरपार होल, ६० नग. नऊ नग झाले आणि सात ड्रिल संपली. एमएसला चालवतो तसंच अकराशे आरपीएम, आधी ४ मग ६ मग ८ मग १०, एकदम हलक्या हाताने. पंधरा-वीस एमएम आत गेलं की किंचाळल्यासारखा आवाज, धूर, आणि ड्रिल पुढे सरकतच नाही. बाहेर काढून बघितलं तर ड्रिलचे कोपरे निळे होऊन गोल झालेले आणि होलचा तळ आरशासारखा चकचकीत. मटेरियलवाल्याने गंडवलं का?

चिप_उडव्या:
चुंबक लावून बघ, चिकटलं नाही तर ३०४ ओरिजिनल.

जुना_टर्नर:
चुंबकाने काही कळत नाही रे, २०२ हे स्वस्तातलं स्टेनलेस, त्याला पण चिकटत नाही. भंगारवाल्यांकडे ते थेंब टाकून बघायचं लिक्विड मिळतं त्याने बघ हवं तर. पण भोसरी, मला वाटतं बार बरोबर आहे, तुझा हात चुकतोय. तो चकचकीत तळ दिसतोय ना, तिथेच सगळं आहे. ३०४ घासलं की कडक होतं. तू हलक्या हाताने फीड देतोस, ड्रिल हळूहळू पुढे सरकवतोस, म्हणजे ड्रिल कापत नाही, नुसतं घासतं, वर कडक साल तयार होते आणि मग पुढची धार त्या सालीवरच मरते. त्यात हे मटेरियल उष्णता वाहून नेत नाही, एमएसच्या जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणून सगळी गरमी ड्रिलच्या कोपऱ्यावर बसते.

आता स्पीड बघ. १० चं ड्रिल अकराशेवर म्हणजे मिनिटाला साधारण ३५ मीटर. एचएसएसला (साध्या हाय स्पीड स्टीलच्या ड्रिलला) एसएसमध्ये १२ मीटरच्या आसपास बास, म्हणजे ३८० आरपीएम, तुझ्या गिअरला जे जवळचं असेल ते लाव. फीड मात्र बारच्या एका फेऱ्याला ०.१२ एमएम तरी पाहिजे. टेलस्टॉकच्या (ड्रिल धरणाऱ्या मागच्या भागाच्या) व्हीलच्या एका फेऱ्यात पाच एमएम जात असेल तर सहा-सात सेकंदाला एक फेरा, घड्याळ लावून बघ, तुला वाटेल फार जोरात चाललंय. आणि ते ४-६-८-१० बंद कर, प्रत्येक वेळी पातळ कट, तोही आधीच्या ड्रिलने कडक केलेल्या सालीत. सेंटर मारून सरळ १०, फार तर आधी अडीच-तीनचा बारीक पायलट होल. आठ-दहा एमएमला ड्रिल पूर्ण बाहेर काढ, चिप झटक, थंड करायचं कुलंट आत जाऊ दे, परत गेलास की लगेच कट धर. तळाशी ड्रिल टेकवून तंबाखू मळत बसायचं नाही.

सीएनसी_पोरगा:
काका एवढं कशाला, सॉलिड कार्बाईड ड्रिल घ्या ना, आमच्याकडे तेच वापरतो

जुना_टर्नर:
बाळा तुझ्या मशीनला टेलस्टॉकमध्ये खेळ नाही आणि कुलंट ड्रिलच्या आतून येतं. जुन्या लेथवर हाताच्या फीडने कार्बाईड कचकन मोडणार, आणि एकाच्या किमतीत याचा महिनाभराचा चहा होईल. भोसरी, तू एम३५ कोबाल्टचं घे, १३५ डिग्री पॉइंटचं. आणि ज्या नगांचा तळ चमकलाय ते फेकू नकोस, उलटे धरून मागून मार.

भोसरी_लेथ:
काका नमस्कार घ्या!! गिअरला ३७५ होता तो लावला, कोबाल्टचं एक ड्रिल आणलं, पहिल्या जॉबला जीव मुठीत धरून व्हील फिरवलं आणि दोन्ही बाजूंनी लांब चिप गुंडाळत बाहेर यायला लागली, आवाज एकदम भरीव. एका धारेवर १४ नग झाले, मग घासून परत लावलं. मागून मारायची युक्ती पण चालली, अडकलेल्या पाचातले चार वाचले. आता याच होलला एम१२ चा टॅप मारायचाय (आतून आटे पाडायचेत), त्याला पण हाच स्पीड ठेवू का?

जुना_टर्नर:
थांब थांब, टॅप लावू नकोस! एम१२ ला १० चं होल?? एमएसला पण १०.२ लागतं, एसएसला मी १०.४ मारतो. ड्रॉइंगचा फोटो टाक आधी.