विल्यम टेल ओव्हर्चर: घोड्यांच्या ट्यूनआधी एवढं सगळं काय आहे?

सांगलीची_मावशी: भाच्याच्या शाळेत गॅदरिंगला बँडवर ती घोडे पळाल्यासारखी ट्यून बसवतायत, सर म्हणाले रोसिनी या संगीतकाराच्या विल्यम टेल ऑपेराचं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत. यूट्यूबवर लावलं तर १२ मिनिटांचं निघालं, सुरुवातीला कितीतरी वेळ संथच चाललंय, मग वादळासारखं काहीतरी, आणि ट्यून येते पार शेवटी. हे एकच आहे का कुणी तुकडे जोडलेत? आणि ऑपेरात घोडे आहेत का?

मिरजवेस: ताई एकच आहे ते, चार भाग एकमेकांत मिसळलेले. आणि सुरुवात पळवू नका प्लीज, माझ्या मते सगळ्यात सुंदर तेच आहे. पाच चेलो (व्हायोलिनसारखंच पण मोठं, खर्जातलं वाद्य) सोलो वाजतात, मधे टिंपनी (मोठे नगारे) लांबून गडगडल्यासारखी हळूच घुमते, म्हणजे वादळाची चाहूल तिथंच दिलीय. वादळात ट्रॉम्बोनसकट सगळा ऑर्केस्ट्रा कोसळतो, मग पाऊस ओसरल्यावर कॉर आंग्ले या सनईसारख्या फुंकवाद्यावर गुराख्याची धून येते आणि फ्लूट तिच्याभोवती खेळत राहते. एवढं ऐकून झाल्यावर ट्रंपेट वाजलं की अंगावर काटा येतो बघा. ख्यालात विलंबित सोडून डायरेक्ट द्रुत ऐकलं तर काय मजा राहणार?

कृष्णाकाठ: घोडदौड ऑपेरात नाहीच! शेवटचा भाग स्विस सैनिकांचा मार्च आहे. गोष्ट ऑस्ट्रियाच्या जुलमाविरुद्ध उठलेल्या स्विस लोकांची, मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणानं उडवणारा तो टेल. जर्मन नाटककार शिलरचं नाटक १८०४ चं, त्यावरून हा ऑपेरा १८२९ ला पॅरिसमध्ये आला. घोडे लोकांच्या डोक्यात बसले ते जास्त करून अमेरिकेतल्या लोन रेंजर या घोडेस्वार नायकाच्या मालिकेमुळं, १९३३ ला रेडिओवर सुरू झाली तिची टायटल ट्यून हीच होती. आणि हा रोसिनीचा शेवटचा ऑपेरा, वय फक्त ३७, त्यानंतर १८६८ पर्यंत जगला पण ऑपेरा एकही नाही लिहिला, मला याचं फार वाईट वाटतं.

सांगलीची_मावशी: बापरे, एवढं माहीतच नव्हतं. मग शाळेत नुसता शेवट वाजवला तर चालेल ना?

मिरजवेस: चालेल की, शाळेच्या बँडला चेलो कुठनं आणणार. फक्त भाचा ट्रंपेटवर असेल तर एक सांगा, ते टकटक टकटक सूर एकाच जिभेच्या फटक्यानं फार वेगात निघत नाहीत, टु-कु टु-कु असं डबल टंगिंग करावं लागतं, आधी मेट्रोनोमवर (टकटक करून लय देणारं यंत्र) एकदम स्लो बसवू दे आणि मग थोडा थोडा स्पीड वाढवू दे.