गाडीत पाणी शिरलंय, कमी खर्चात आतला भाग वाचवता येईल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मोठ्या पावसात आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये पाणी शिरलं. गाडी उभी होती तिथे पाणी तुंबलं नव्हतं, म्हणजे वरूनच कुठून तरी येतंय. साचलेलं लगेच उपसलं, फडक्यांनी टिपलं, दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली. कार्पेट वरून आता कोरडं लागतं. पण ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर तळहात जोर देऊन दाबला की बोटांमधून गढूळ पाणी वर येतं. सकाळी काचा आतून धूसर झालेल्या असतात आणि दार उघडताच कुबट वास.

दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी काढून कार्पेटची कड उचलली. खाली चिंध्या दाबून केल्यासारखा जाड करडा थर आहे, पाण्याने टम्म फुगलेला. सीटच्या रुळांवर तांबूस गंज दिसतोय. गॅरेजमध्ये सगळं नवं टाका म्हणाले, तेवढे पैसे आत्ता नाहीत. शिवाय आईला दमा आहे. बुरशी धरली तर तिला या गाडीत बसवता येणार नाही, खरी काळजी त्याची आहे.

खालचा थर न बदलता वाळवता येतो का? सीट घरी काढली तर चालेल का? तिच्याखाली पिवळं कनेक्टर आहे, त्याला हात लावायची भीती वाटते. आणि व्हिनेगरने खरंच वास जातो का?

प्रतिसाद:
आधी पाण्याची वाट शोधा, नाहीतर वाळवलेलं सगळं पुढच्या सरीत पुन्हा भिजेल. पुढच्या काचेखाली वायपरपाशी जाळी असते. तिथे पाला अडकला की पाणी बाहेर न जाता ब्लोअरमधून आत उतरतं. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय तिथेच. दुसरा एसीच्या निचऱ्याच्या नळीवर: दमट हवेत एसी बराच वेळ चालूनही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर ती तुंबली असणार. दाराच्या खालच्या कडेची भोकंही काडीने मोकळी करा. एकाने बाहेरून मगाने पाणी ओतायचं, दुसऱ्याने आत वाकून टॉर्च धरायचा. खालून वर जात ओता, म्हणजे नेमकी जागा सापडते. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते पावसाचं नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे.

प्रतिसाद:
थर वाळतो, पण गाडीत ठेवून नाही, म्हणून सीट काढावीच लागेल. पिवळं कनेक्टर एअरबॅग किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचं असतं. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा, मगच ते सोडवा. ते सुटं असताना चावी फिरवू नका, एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला गॅरेजमधला स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लागतो. मल्टीमीटर त्याला कधीच लावू नका. सीट बहुतेक गाड्यांत चार बोल्टवर असते.

थर साबणाच्या पाण्यात धुवा. पिळलात तर फाटेल, गुंडाळून दाबा आणि दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा टाका. गटाराचं पाणी शिरलं असतं तर फेकूनच द्या म्हटलं असतं, पावसाचं असेल तर वाचतो. तोवर पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून प्रायमर लावा.

प्रतिसाद:
पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून फवारा, त्याचा आंबट वास वाळल्यावर उडतो. त्याच जागी ब्लीच अजिबात नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. घासताना मास्क लावा. केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी) भिजला असेल तर वास तिथूनच येत राहील, तो मात्र नवाच घ्या. सगळं खालपर्यंत वाळेपर्यंत आईंना गाडीत नेऊ नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. वायपरची जाळी उचलली तर खाली कुजलेल्या पानांचा गच्च लगदा! पाणी ओतताच ब्लोअरखाली धार लागली. आता ते साफ केलंय, सीट रविवारी काढतो. पिवळ्याशेजारी एक काळं कनेक्टर आहे, त्याच्या पिनांवर हिरवट पूड दिसतेय. त्याचं काय करू?

प्रतिसाद:
ओलीने तांबं खराब झालंय. बॅटरीची तार काढलेली असतानाच कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारा, जुन्या टूथब्रशने हलकेच घासा आणि पूर्ण वाळल्यावर जोडा. पिन झिजून गेली असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तेवढी पिनच बदलून घ्या, अख्खी वायरिंग बदलायची गरज नाही.